हुलग्याचं माडगं आणि निवांत चार घास



आज शिवऱ्यात आपण सुपाविषयी बोलणार आहोत. सूप म्हटलं, की आपल्याला धान्य पाखडायचं सूप आठवतं. ते सूप वेगळं. मी म्हणते ते सूप प्यायचं असतं. सातारा रस्त्याला लागलं, की हॉटेलं सुरू होतात. तिथं जेवणाआधी लहान वाडग्यात काहीतरी गरम आणि पातळ आणून देतात. पोरं त्याला सूप म्हणतात. लग्नाच्या मांडवातही आता त्याचं वेगळं टेबल लागतं. माणसं उभ्याउभ्या दोन घोट घेतात आणि पुढं सरकतात.

हा शब्द इंग्रजीतून आला. पण गंमत अशी, की आपल्या जुन्या संस्कृत भाषेतही सूप हा शब्द आहे. तिथं सूप म्हणजे डाळीचं वरण किंवा कढण. स्वयंपाक करणाऱ्याला सूपकार म्हणत. दोन्ही शब्द सारखे निघाले. पण वस्तू मात्र आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तांदळाची पेज आहे. मुगाचं कढण आहे. नाचणीची आंबील आहे. आणि हुलग्याचं माडगं आहे. मी आज माडग्याचंच सांगणार आहे. बाकीच्यांचं पुन्हा कधीतरी.

हुलगा सगळ्यांना ठाऊक आहे. कोकणात त्यालाच कुळीथ म्हणतात. हलक्या, मुरमाड रानातही तो येतो. पाणी थोडं लागतं. भाताच्या खाचरासारखी त्याची बडदास्त ठेवावी लागत नाही. त्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींतले जंतू हवेतलं नत्र धरून ठेवतात. म्हणजे पीक निघून गेल्यावरही रानाचा कस थोडा वाढलेला असतो.

तरी हुलग्याला मान नाही. पाहुणे आले, की कोणी हुलगा शिजवत नाही. का, तर तो बैलाचा खुराक. इंग्रजांनी तर त्याचं नाव घोड्यांचा हरभरा असंच ठेवलं. पण माणसानं हुलगा कधीपासून खाल्ला, हे ऐकलं तर नवल वाटेल. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं एक जुनं पांढरीचं टेकाड होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या विद्वानांनी १९६८ साली ते खणायला सुरुवात केली. काम पुढं कित्येक वर्षं चाललं. जमिनीखाली अख्खं गाव निघालं. मातीची घरं निघाली, चुली निघाल्या, धान्य साठवायच्या जागा निघाल्या. ते गाव तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे. तिथं जळून काळे पडलेले धान्याचे दाणे मिळाले. त्यांत सातू होते, मसूर होती आणि हुलगाही होता. तेव्हा हुलगा ही गरिबीत सापडलेली वस्तू आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला इनामगावचं नाव सांगा.

आता अंगाला काय मिळतं ते पाहू. शरीराची झीज भरून काढायला प्रथिनं लागतात. अंगाचं मांस, रक्त, केस, सगळ्याला ती लागतात. शंभर ग्रॅम हुलग्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. शंभर ग्रॅम तांदळात जेमतेम ७ किंवा ८. एका माणसाच्या वाटीभर माडग्याला साधारण २५ ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे त्या वाटीतून एका अंड्याच्या जवळपास प्रथिनं मिळतात. हुलग्यात लोहही आहे. लोह म्हणजे लोखंडाचाच अंश. रक्ताचा लाल रंग त्यानं येतो.

लोहाचं नाव काढलं, तर एक आकडा सांगते. २०१९ ते २०२१ या काळात देशभर घरोघर जाऊन आरोग्याची पाहणी झाली. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५४ जणींचं रक्त कमी निघालं. शंभरात चोपन्न! म्हणजे निम्म्याहून जास्त. चढण चढताना धाप लागते, उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते, पायात गोळे येतात. बाई म्हणते, "वयच झालं आता." वय असतं तीस.

याला कारणं पुष्कळ आहेत. बाळंतपणं आहेत, जंत आहेत. पण एक कारण आपल्या चुलीपाशीच बसलेलं आहे. घरात सगळ्यांचं झाल्यावर बाई जेवते. आणि तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असतं? आमटीचं वरचं पाणी. दाणा पोरांच्या आणि गड्यांच्या ताटात गेलेला असतो.

एका वैनींना मी विचारलं, "तुम्ही सगळ्यांबरोबर का बसत नाही?"

त्या म्हणाल्या, "बसू कशी? भाकरी कोण थापणार? ह्यांना तव्यावरची लागते. मामंजींना मऊ लागते. पोरांचं तेवढ्यात सांडतं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. आपलं जेवणच असं आहे, की चुलीपाशी एका माणसाला गुंतून राहावं लागतं. नुसतं "बायांनो, बसून जेवा" असं सांगून काय होणार? भाकरी काय आपोआप थापली जाणार आहे?

म्हणून मला माडगं आवडतं. ते एकदा शिजलं, की शिजलं. पातेलं चुलीवरून उतरवायचं, मधे ठेवायचं, पळी टाकायची. भाकरी आधी करून दुरडीत ठेवलेली चालते. सकाळची गार भाकरी असली तरी चालते. ती माडग्यात कुस्करली, की मऊ होते आणि गरमही होते. म्हाताऱ्या माणसाला दात नसले तरी अडत नाही. मग चुलीपाशी कोणी बसायची गरजच उरत नाही. करणारीही पानावर बसू शकते. माडग्याचे गुण सांगणारे पुष्कळ भेटतात, पण हा गुण कोणी सांगत नाही.

आता करायचं कसं, ते सांगते. म्हाताऱ्या आजींना हे पाठ आहे. त्यांनी माझी चूक काढली तरी चालेल. पण नव्या सुनांना आणि विशेषतः बाप्या माणसांना सांगायला हवं.

हुलग्यात खडे फार. म्हणून आधी ते पाखडायचं सूप घ्या. हुलगे पाखडा आणि नीट निवडा. मग कढईत मंद जाळावर भाजा. घाई करू नका. जाळ मोठा केला तर साल करपते आणि आतला दाणा कच्चा राहतो. मग माडगं कडू लागतं. दाणे तडतडू लागले, खरपूस वास सुटला, रंग जरा गडद झाला, की उतरवा. गार झाल्यावर जात्यावर भरडा. भरडा पुन्हा पाखडला, की फोलपटं उडून जातात. मग बारीक दळा. गिरणीतून आणलं तरी चालतं. गिरणीवाल्याला मात्र आधी सांगा. कोणाच्या तरी मिरच्या नुकत्याच दळून झाल्या असतील तर थांबलेलं बरं!

हे पीठ घरात असलं, की पुढचं काम पाव तासाचं. चार माणसांना एक लहान वाटी पीठ घ्या. त्याच वाटीनं सहा-सात वाट्या पाणी. त्यातलं एक वाटी गार पाणी बाजूला काढा. त्या गार पाण्यात पीठ कालवा आणि हातानं गुठळ्या मोडा. गरम पाण्यात कोरडं पीठ कधी टाकू नका. वरून शिजतं, आत कोरडं राहतं, आणि खाणाराच्या दाताखाली पिठाचा गोळा येतो.

पातेल्यात चमचाभर तेल तापवा. जिरं टाका. लसणाच्या आठ-दहा पाकळ्या ठेचून टाका. लसूण तांबूस झाला, की एक हिरवी मिरची मोडून टाका, चिमूटभर हिंग आणि हळद. वरून उरलेलं पाणी ओता. मीठ घाला, दोन आमसुलं घाला. आधण आलं, की एका हातानं कालवलेलं पीठ बारीक धारेनं सोडा आणि दुसऱ्या हातानं पळी फिरवत राहा. पहिली पाच मिनिटं पातेल्यापासून हलू नका. माडगं फेसाळून वर येतं. दूध जसं उतू जातं तसं तेही जातं. मग जाळ कमी करा आणि दहा मिनिटं शिजू द्या. कच्च्या पिठाचा वास गेला, की झालं. पळीवाढं ठेवा. गार होताना ते आणखी दाटतं, म्हणून चुलीवर असताना जरा पातळच असू द्या. वरून कोथिंबीर.

कोकणात याच पिठाची पिठी करतात. तिथं कांदा, खोबरं आणि आमसूल, आणि बरोबर भात. कर्नाटकात हुलग्याचं सार करतात. आंध्रात हुलगे शिजवलेलं पाणी आटवून आटवून दाट करतात. त्याला उलवचारू म्हणतात. तिकडं लग्नाच्या पंगतीतही ते मानानं वाढतात. बघा, हुलगा तोच. एके ठिकाणी गोठ्यात, एके ठिकाणी पंगतीत.

औषधाविषयी दोन शब्द बोलते, कारण कोणीतरी विचारणारच. सर्दी-पडशात गरम माडगं प्यायलं, की बरं वाटतं. नाक मोकळं होतं, घसा शेकतो. बाळंतिणीलाही देतात. इथवर ठीक. पण मुतखड्याची कळ उठली आणि घरच्यांनी नुसतं हुलग्याचं पाणी पाजत ठेवलं, हे बरोबर नाही. कळ उठली तर दवाखाना. रक्त कमी असलं तर आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. माडगं हे जेवण आहे. त्याला गोळीच्या जागी बसवू नका. कडधान्यातलं लोह सगळंच्या सगळं अंगी लागत नाही. त्यासाठी खाताना वाटीत लिंबू पिळा. लिंबानं लोह जास्त अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहानं उलटं होतं. तासभर थांबा. हे तासभराचं सांगितलं, की माणसं माझ्याकडे रागानं बघतात. बघू द्या.

आता खायचं कसं. तुम्ही म्हणाल, खायचं कसं हे काय शिकवायचं? तान्हं पोरही खातं.

बैलापुढं खुराक ठेवता, तेव्हा काय करता? त्याला बांधता, सावलीत उभा करता. तो सावकाश खातो. मग खाली बसतो आणि तासन् तास रवंथ करतो. त्या वेळी त्याला कोणी औताला जुंपत नाही. "रवंथ आवर लवकर" असं कोणी बैलाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. आणि घरातली माणसं? गडी एका हातात मोबाईल धरून जेवतो. पोराला मोबाईल दाखवल्याशिवाय घास उघडत नाही. बाई उभ्यानं चार घास गिळते आणि भांडी घासायला घेते. मीठ कमी होतं की जास्त, हे तिला आठवत नाही. जेवली का, हेही नीट आठवत नाही.

पोट भरलं ही खबर डोक्याला पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत जेवण उरकलं, तर खबर पोचायच्या आत माणूस जास्त खाऊन बसतो. नाहीतर घाईनं कमी खाऊन उठतो आणि तासाभरात चहा-बिस्कुटं शोधतो. शिवाय भाकरीचं पचन तोंडातच सुरू होतं. लाळ त्यात मिसळावी लागते. भाकरी माडग्यात कुस्करली म्हणून ती न चावता गिळायची असं नाही. मऊ असली तरी चावा. भाकरीचा घास जरा वेळ चावला, की गोडसर लागतो. ते लाळेचं काम आहे. आज रात्री करून बघा.

माडगं हे घाईनं खाताच येत नाही. गरम असतं. मुद्दाम चटका सोसून प्यायचा मोठेपणा काही जणांना असतो. तो सोडा. फार कढत पेय रोज रोज प्यायल्यानं अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा संभव असतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ साली सांगितलं. म्हणून वाटी हातात घ्या आणि थांबा. थंडीचे दिवस असले तर दोन्ही तळवे वाटीला लावा. बोटं शेकतात. वाफ वर येते तिचा वास घ्या. लसूण कळतो, जिरं कळतं, भाजलेला हुलगा कळतो. मग वाफ कमी झाली, की पहिला घोट. जिभेवर जरा ठेवा. मीठ कसं झालंय, आंबट कसं झालंय, ते बघा. कोणी केलं, त्याला सांगा. "आज चव आलीय" एवढं म्हटलं तरी पुरे. कमी-जास्त झालं असेल तर तेही नीट शब्दांत सांगा.

ही काही परदेशातून आणलेली रीत नाही. कित्येक शाळांत खिचडी वाढल्यावर पोरं हात जोडून श्लोक म्हणतात आणि मगच खातात. तो क्षणभर थांबायचा नेमच आहे. जपानातही घरोघर सोयाबीनच्या आंबवलेल्या गोळ्याचं सार करतात. ते लोक वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावतात. तिथल्या मठांत भिक्षू तर जेवताना बोलतसुद्धा नाहीत. आपल्याला इतकं कडक नको. जेवताना दोन गोष्टी बोलाव्यात, हसावं. पण कर्जाचा हिशेब, बांधाची भांडणं आणि पोराचे मार्क, हे तीन विषय पातेलं रिकामं होईपर्यंत बाहेर ओसरीवर ठेवावेत. मोबाईलही त्यांच्याच शेजारी.

आणि पहिली वाटी कोणाला? इथं मी जरा हट्टानं बोलते. पातेल्यात दाट भाग खाली बसतो. वरचं पातळ आधी वाढत गेलं, तर शेवटच्याला दाट मिळतं. आणि ढवळून दाट आधी काढलं, तर शेवटच्याला पाणी. म्हणून दर वाटीला पळी तळापासून ढवळा. सगळ्यांच्या वाट्या आधी मांडा. घरात पाच माणसं असली तर पाच वाट्या. करणारीची वाटी त्या पाचांत हवी. सगळ्या वाट्या भरल्यावरच पहिल्यानं घोट घ्यायचा. वाढायचं काम गड्यांनी करावं. त्यात काय अवघड आहे? पंगतीत गावाला वाढताना तुम्ही द्रोण भरत पळता. एकाचाही द्रोण चुकत नाही. घरात तर पाचच वाट्या!

एक सासूबाई मला म्हणाल्या, "बाई, आमच्या वेळी असं नव्हतं. आम्ही शेवटी जेवलो. आम्ही मेलो का?"

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही जगलात, हे खरं. पण तुमच्या गुडघ्यांना विचारा." त्या हसल्या. मग जरा वेळानं म्हणाल्या, "माझ्या तिसऱ्या बाळंतपणात मी फार अशक्त झाले होते. कोणी वाटीभर माडगं हातात दिलं असतं, तर बरं वाटलं असतं." त्यावर मी काही बोलले नाही. त्यांची सून शेजारीच बसली होती.

रोज हे जमेल असं मी म्हणत नाही. लावणीच्या दिवसांत माणूस चिखलातून येतो आणि तसाच आडवा होतो. पण थंडीत, सुगी उरकल्यावर, आठवड्यातून दोन रात्री तरी जमायला हरकत नाही.

आता दुकानातल्या पाकिटाविषयी. सुपाची पाकिटं हल्ली वाडीवरच्या दुकानातही लटकलेली असतात. पाणी उकळा, पाकीट टाका, सूप तयार. पाकीट घेऊ नका, असं मी सांगत नाही. घ्यायचं तर वाचून घ्या. तुम्हाला आता वाचता येतं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. पुष्कळदा ते इंग्रजीत असतात. मग शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा. नियम असा आहे, की जी वस्तू सगळ्यांत जास्त तिचं नाव आधी लिहायचं. पहिली दोन-तीन नावं बघा. मैदा, मक्याचं पीठ, साखर, मीठ ही नावं पुढं असली आणि भाज्यांचं नाव मागं असलं, तर काय ते कळलं. मिठाचा आकडाही बघा. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यातच आपलं लोणचं, पापड आणि ठेचा आला. ज्यांचा रक्तदाब जास्त आहे, त्यांनी तर हे बघावंच.

शेवटी पिठाचं सांगते आणि बसते. भाजलेल्या हुलग्याचं पीठ कोरड्या डब्यात ठेवा. ओला चमचा घालू नका. पावसाळ्यात महिन्याला पुरेल एवढंच दळा. जास्त दिवस राहिलं, की त्याला कुबट वास येतो आणि जाळी धरते. आणि नाचणीच्या पिठाच्या डब्याशी त्याची अदलाबदल होऊ देऊ नका. रात्री चिमणीच्या उजेडात दोन्ही सारखीच दिसतात. डब्यावर कागद चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, 'हुलग्याचं पीठ.' खाली दळल्याची तारीख. हे लिहायला पोराला सांगू नका, तुम्हीच लिहा. ल ला ग्य जोडताना अडलं, तर उद्याच्या वर्गात विचारा.